तांब्याभर पाऊस

सकाळी साडेआठला आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही असा दंडक होता, कारण त्या वेळी अण्णा पाऊस मोजायला निघायचे. पाऊस असो वा नसो. बहुतेक वेळा नसायचाच. अण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या प्राथमिक शाळेत ते मास्तर होते आणि शाळेच्या पटांगणात तारेच्या कुंपणात बसवलेलं सरकारी पर्जन्यमापक सांभाळायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्या कामाला ते आंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून जात आणि चपला कुंपणाच्या बाहेर काढत. चपला कशासाठी काढायच्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आत सिमेंटचा छोटा ओटा, ओट्यात रोवलेलं नळकांडं, नळकांड्याच्या तोंडाला पितळेचं लखलखीत कडं आणि पोटात एक बाटली. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, आकडा वाचायचा. चाळिशी लागल्यापासून अण्णांना त्या बारीक रेघा दिसेनात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी वाचायची, ते वहीत लिहायचे. सातवीतल्या मुलीला वर्गात नाही तो मान कुंपणात मिळत होता आणि मी नाक वर करून गावभर मिरवत होते. त्या नळकांड्याचं तोंड माझ्या उघड्या पंजाएवढं होतं आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांवर आभाळ किती मेहेरबान झालं, हे त्या पंजाएवढ्या तोंडावरून ठरत होतं. तेव्हा मला हे थोर वाटायचं. आज आठवलं की कपाळाची शीर उडते.

गावाचं नाव लिहीत नाही. हसनाबाद आणि टेंभुर्णीच्या मध्ये कुठंतरी आहे एवढं पुरे. तिथली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि काही जणांचा माझ्यावर आधीच राग आहे. घर तीन खोल्यांचं, पुढे पत्र्याची ओसरी. मायला, म्हणजे माझ्या आईला, स्वयंपाक करताना बोलायची सवय होती, पण माणसांशी नाही. ती तव्याशी बोले, चुलीशी बोले, नीट न फुगलेल्या भाकरीला रागे भरे. त्या वर्षी तिचं बोलणं कमी झालं होतं. श्रावण उजाडला तरी भाजी म्हणून दारात काही येत नव्हतं. रोज येसर. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ पाण्यात कालवून केलेली आमटी मला मुळात आवडायची, पण महिनाभर सकाळ-संध्याकाळ तीच ताटात आली की जिभेला भाजल्याचीच चव लागायची. पुढं पुढं तर येसरात घालायलाही पाणी मोजून मिळू लागलं. गल्लीच्या टोकाला हापसा होता. एरवी त्याचा आवाज ओला असायचा. त्या दिवसांत दांडा दाबला की नुसता कोरडा खटखटाट व्हायचा आणि तरी बायका आळीपाळीनं दाबत राहायच्या. शेजारचे नाना म्हणायचे, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील?" आणि स्वतःही दोन हात मारून बघायचे.

नानांची मुलगी कांता माझ्या वर्गात होती. माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, हडकुळी, आणि पळण्यात असली वस्ताद की खो-खोत तिला बाद करायला दुसऱ्या संघाच्या मुली कंटाळायच्या. ती अभ्यासात कच्ची होती आणि तिला त्याचं सुतक नव्हतं. मी कुंपणातून आकडा वाचून बाहेर आले की ती मला चिडवायची, "काय गं मास्तरीण, देवाच्या पोटात निघालं का काही?" मी म्हणायची, "शून्य." ती म्हणायची, "रोज शून्यच वाचायचं तर त्याला शाळा कशाला शिकायची?"

देवाच्या पोटात, हे शब्द कांताचे एकटीचे नव्हते. गावातल्या बायका त्या भांड्याला देवच समजत आणि आता विचार केला तर त्यांचं काही चुकत नव्हतं. एक माणूस रोज ठरल्या वेळी आंघोळ करून, अनवाणी जातो, वाकतो, आत बघतो, मुकाट्यानं काहीतरी लिहितो आणि कुलूप लावून परततो. बायकांनी दुसरं काय समजायचं? त्या साली पावसासाठी जे जे करायचं ते गावानं करून पाहिलं होतं. अंगाला लिंबाचा पाला बांधलेल्या पोराला धोंडी म्हणून दारोदार फिरवलं होतं. महादेवाच्या गाभाऱ्यात होतं नव्हतं ते पाणी ओतून पिंडी बुडवली होती. मारुतीला तेल घातलं होतं. श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, अजून चूल पेटायची होती तेव्हा, माय माझ्या अंथरुणापाशी आली. हातात पूजेचं ताट होतं, त्यात हळदीकुंकू, बेल आणि झाकण घातलेला तांब्या.

"विमल, कुपाटीची किल्ली दे जरा. उदबत्ती लावून येते."

"अण्णांना विचारलं का?"

"त्यांना काय इचारायचं? म्हादेव कोंडून झाला, मारुतीला त्याल घालून झालं. ह्यो एकच राह्यला. रोज सकाळी तुमी बापलेक त्याच्या पोटात बघून राह्यले, कोरडं निघतं. ज्याच्या सोताच्या पोटात थेंब न्हाई, त्यो दुसऱ्याला काय देईल?"

यात मला काही वावगं वाटलं नाही. कुंपणाची किल्ली माझ्या उशाखालीच असायची. मी ती काढून दिली आणि कूस बदलून पुन्हा झोपले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, काही छापूनही आल्या, पण कूस बदलून झोपण्याची ती चूक मला सगळ्यांत जास्त लागते. ताटात तांब्या कशासाठी आहे हे मी विचारायला हवं होतं.

साडेआठला अण्णा आणि मी गेलो. पितळी कड्याला हळदीची बोटं ओढलेली, त्यावर कुंकू, ओट्यावर बेलाची पानं आणि विझलेली उदबत्ती. ओट्याभोवतीची माती मात्र ठणठणीत कोरडी. अण्णांनी बाटली काढली. तिच्यात पाणी होतं, फिकट गुलाबी. त्यांनी ते मापात ओतलं आणि माप माझ्यासमोर धरलं. मी दोनदा वाचलं.

"अडतीस," मी म्हटलं. "अण्णा, हे पाऊस न्हाई. मायनं ओतलंय."

"दिसून राह्यलं मला."

"मंग शून्य लिहा."

अण्णा ओट्याच्या कडेवर बसले. ते कधी तिथं बसत नसत. आठच दिवसांपूर्वी ऑफिसातून कागद आला होता की कुंपणाला कुलूप आणि किल्ली यांची जबाबदारी मास्तरांची, भांड्याशी छेडछाड आढळल्यास कारवाई होईल. शून्य लिहून पुढं 'भांड्यात पाणी ओतले गेले' असा शेरा मारायचा म्हणजे किल्ली घरच्या पोरीच्या उशाखाली असते हेही लिहायचं. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसत होतं. मग त्यांना एक आधार सापडला. त्यांचा तो लाडका नियम होता, मला पहिल्या दिवशी शिकवलेला.

"भांड्यात जे आहे ते लिहायचं, विमल. आपलं डोकं लावायचं न्हाई." आणि त्यांनी लिहिलं, अडतीस.

नियम चांगलाच आहे. मी पुढं तीस वर्षं प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थ्यांना तोच शिकवला, की उपकरण जे दाखवतं ते आधी नोंदवा, आवडतं ते नोंदवू नका. पण त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग मी घरी शिकले होते आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. भ्यालेल्या माणसाच्या हाती चांगला नियम पडला की तो त्याच्याआड लपतो. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते. उधार आणलेली खडूची पेटीसुद्धा ते दुसऱ्या दिवशी परत करत. म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो. बदमाश माणसानं आकडा फिरवला असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

तो आकडा पोस्टकार्डावरून पुढं गेला आणि त्यानं आपलं काम चोख केलं. त्या वर्षी टंचाईच्या यादीत नाव यायला ठरावीक दिवस सलग कोरडे जावे लागत होते आणि आमच्या मंडळाला, म्हणजे त्या वीस-पंचवीस गावांना, त्यातले दोन-तीनच दिवस कमी होते. श्रावणी सोमवारी आमच्याकडे कागदावर अडतीस मिलिमीटर पडला आणि ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेजारच्या मंडळातल्या गावांना टँकर लागला. रस्ता आमच्याच गावातून जात होता. दुपारी तो टँकर धुरळा उडवत यायचा, मागच्या तोटीतून पाण्याची बारीक धार रस्ताभर सांडत जायची आणि आम्ही पोरं कळशा घेऊन त्याच्या मागं पळायचो. कांता सगळ्यांच्या पुढं असायची. ती पळता पळता कळशी तोटीखाली धरायची, शाळेच्या वळणापर्यंत अर्धी भरायची आणि हसत परत यायची. ड्रायव्हर आरशात बघून मुद्दाम जोरात हाकायचा. आमच्या गावातून जाणारं पाणी आमचं नव्हतं, कारण आमच्याकडे पाऊस झाला होता. गावात कुणाला हे समजत नव्हतं. मला, अण्णांना आणि मायला समजत होतं आणि आम्ही तिघं एका ताटलीभोवती बसून येसर-भाकर खात होतो.

मायला मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तिला आधी पटलंच नाही. "देवाला घातलेलं पाणी सरकार कशाला मोजील?" असं म्हणाली. नंतर टँकर गावातून जायला लागला तेव्हा ती ओसरीत उभी राहून त्याच्याकडे बघायची आणि टँकर गेल्यावर चुलीशीसुद्धा बोलायची नाही.

गावची विहीर तळाला गेली होती. पोहरा टाकला तर बुडत नव्हता, आडवा पडायचा. म्हणून एखादी हलकी मुलगी कडेच्या दगडांच्या खोबणीत पाय ठेवत खाली उतरायची, खडकातल्या झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायची आणि वरच्या बायका घागर ओढून घ्यायच्या. हलक्या मुली दोनच होत्या, कांता आणि मी. एक दिवस ती, एक दिवस मी. त्या दिवशी पाळी माझी होती. पण साडेआठ वाजत आले होते आणि अण्णांनी हाक मारली. मी कांताला म्हटलं, आज तू उतर, मी आकडा वाचून आले. ती म्हणाली, "जा, वाच तुझं शून्य." मी कुंपणात वाकलेली असताना विहिरीवरून ओरडा ऐकू आला. वर येताना एक दगड निसटला होता आणि ती खाली खडकावर आदळली होती. चार माणसं उतरली, तिला धोतरात बांधून वर काढलं, बैलगाडीत घालून नेलं. जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते कुणा हाडवैद्यानं बसवलं आणि वाकडंच बसलं. कांता पुन्हा कधी पळाली नाही. हे वाक्य मी या पानावर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. कुठल्याही तऱ्हेनं ते कमी होत नाही.

त्या दिवशी मी घरी जाऊन अण्णांना नाही नाही ते बोलले. आमच्या घरात बापाला असं बोलायची रीत नव्हती. तुम्ही भित्रे आहात म्हटलं, कांताचा पाय तुम्ही मोडला म्हटलं. ते मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "किल्ली कुणी दिल्ती, विमल?" मायनं आमचं दोघांचं ऐकलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला, कुठं निघाल्यासारखा.

मुलगी विहिरीत पडल्याची बातमी ऑफिसात गेली आणि आठवड्यानं जीप आली. साहेब शाळेच्या वर्गात बसले. समोर गाव जमलं. साहेब म्हणाले, दुर्घटना वाईट झाली, पण तुमच्या मंडळात पाऊस झालेला आहे, टँकर देता येत नाही. नाना हात जोडून उभे होते. लोक म्हणाले, साहेब, शिवारात येऊन बघा, ढेकूळ विरघळलंय का. साहेब म्हणाले, "मी शिवार बघत न्हाई, मी रेकॉर्ड बघतो." तेव्हा माय उठली. गावसभेत बायका दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि माय तर त्यांच्याही मागं. ती सगळ्यांमधून वाट काढत पुढं गेली.

"साहेब, त्यो पाऊस मी घातला. तांब्यानं. पूजा केली आन् पाणी घातलं. मास्तरांची चूक न्हाई, पोरीची न्हाई. माझी हाय. ते तेवढं खोडा आन् गाडी धाडा."

काही लोक हसले. नाना हसले नाहीत. ते मायकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. साहेबांना मात्र आश्चर्य वाटलं नाही, हे मी नीट पाहिलं. ते वर्गात यायच्या आधी कुंपणापाशी थांबले होते आणि कड्यावरचा कुंकवाचा डाग बोटानं खरवडून पाहत होते. शिवाय चारी बाजूंची गावं कोरडी आणि आमच्याच शाळेच्या पटांगणात अडतीस, हे सातवीच्या पोरीला कळत होतं तर त्यांना कळत नसणार का? त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यादी जेवढी लहान तेवढं वर बरं दिसत होतं आणि मायच्या तांब्यानं त्यांची एक ओळ कमी केली होती. माणसं अडाणी असतात म्हणून अन्याय होतो असं मला शाळेत शिकवलं होतं. त्या वर्गात मी पहिल्यांदा पाहिलं की माहीत असलेला माणूस शांतपणे फाइलची दोरी सरळ करत बसतो.

"लेखी द्या बाई," ते म्हणाले.

मायला सहीपुरतंच येत होतं. म्हणून जबाब मी लिहिला, माझ्या अक्षरात. 'मी खाली सही करणार अमुक, श्रावणी सोमवारी सकाळी पर्जन्यमापकात एक तांब्या पाणी घातले.' मायनं एकेक अक्षर दाबून सही केली. साहेबांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो खिशात घातला. ते उठले तेव्हा मी मधे उभी राहिले.

"साहेब, मंग आकडा बदला ना."

ते माझ्याकडे जरा मायेनंच बघून म्हणाले, "पोरी, आकडा वर गेला. वर गेलेला आकडा खाली येत नसतो."

महिन्याभरात त्या जबाबाचं फळ आलं. निष्काळजीपणाबद्दल अण्णांची दोन तालुके पलीकडं बदली झाली आणि सेवापुस्तकात शेरा पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं. टँकर आला नाही. अडतीसचा आकडा कुणी खोडला नाही. ज्या कागदानं माझ्या बापाला शिक्षा करायला पुरेसा पुरावा दिला, तो कागद एक आकडा दुरुस्त करायला पुरेसा नव्हता. मी साठी ओलांडली आहे, डॉक्टरांनी मिठासारखाच रागही कमी करायला सांगितला आहे. मिठाचं जमतं. हे एक वाक्य लिहिताना मात्र पेन मोडेल की काय असं वाटतं.

सामान गाडीत भरलं तेव्हा मी कांताला भेटायला गेले. ती खाटेवर होती, पायाला फळ्या बांधलेल्या. मला तिला सगळं सांगायचं होतं, पण तिला ते गावाकडून कळलंच होतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुझी माय निदान बोलली." एवढंच. मी तिच्या पायथ्याशी थोडा वेळ बसले आणि उठून आले.

पुढच्या गोष्टी लोकांना जास्त माहीत आहेत आणि मला सांगायला कमी आवडतात. जालन्याला कॉलेजात शिकत असताना एका शिबिरात मी पहिल्यांदा लेझर पाहिला. अंधाऱ्या खोलीत एका नळीतून निघालेला लाल ठिपका समोरच्या भिंतीवर बसला होता. न हलणारा, न पसरणारा. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की असाच झोत आभाळात सोडला तर वरच्या धुळीवरून, ढगांवरून थोडासा प्रकाश परत येतो आणि तो मोजून वर काय चाललं आहे ते जमिनीवर बसून कळतं. बाकीच्या मुली अहाहा म्हणत होत्या. माझ्या मनात एकच आलं, की यात कुणाला तांब्या ओतता येणार नाही. पोरकट विचार होता. पण त्याच्यावर मी तीस वर्षं काढली. आरसे पुसले, झोत सरळ केले, रात्ररात्र आभाळ मोजलं, मराठवाड्यावरच्या उन्हाळी धुळीचे थर मोजले, ढग कुठं तयार होतो आणि न बरसता कुठं विरतो ते मोजलं. माझी मापं स्वच्छ होती. त्यांचा मला तोच जुना ताठा होता आणि ती मापं घेऊन मी समित्यांसमोर जायची. ते माना डोलवायचे. चहा यायचा. हवामान बदलतंय हे ते मान्य करायचे आणि गावांसाठी काय करायचं यावर पुढच्या बैठकीचा दिवस ठरायचा. मी चिडून परत यायची आणि आणखी अचूक माप घ्यायची, जणू अचूकपणा कमी पडत होता.

मग एक बैठक अशी झाली. दुष्काळ ठरवायचे निकष बदलायचे होते आणि मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. एका हुशार तरुण अधिकाऱ्यानं जालना जिल्ह्याच्या जुन्या नोंदींचा तक्ता पडद्यावर लावला. उत्साही मुलगा होता, उद्धट नव्हता. एका ओळीवर काठी ठेवून तो म्हणाला, "हे बघा. या मंडळात त्या वर्षी पावसाचा खंड पडलाच नव्हता. श्रावणात एकाच दिवशी अडतीस मिलिमीटर. तरी गावातून टँकरची मागणी होती. म्हणजे मागणीचा आणि पावसाचा संबंध नसतो. लोकांना टँकरची सवय लागते."

सवय लागते. मी उभी राहिले तेव्हा माझी खुर्ची मागं पडली. मी म्हटलं, तो पाऊस नाही, ती माझी आई आहे. सगळे हसले, कारण त्यांना वाटलं म्हातारबाईंनी काही विनोद केला. मग मी सगळं सांगितलं. किल्ली, कुंकू, जबाब, बदली. अध्यक्ष फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण याला काही पुरावा? नोंद ही नोंद असते." ते माझ्याच व्यवसायाच्या भाषेत बोलत होते. तीस वर्षं मीही हेच म्हणत आले होते. त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या विद्यार्थिनीच्या हाती दिली. तेव्हापासून मी मोजत नाही. मोजलेल्या आकड्याची जबाबदारी कुणाची, तो चुकला तर खोडायचं कुणी आणि किती दिवसांत, आणि ज्यांच्यावर तो चालवला त्यांना विचारलं का, हे धोरणात लिहून घ्यायच्या मागं लागले आहे. लोक याला हवामानविषयक लोकशिक्षण म्हणतात. मी त्याला भांडण म्हणते.

पुढच्या बैठकीला मी पुरावा नेला. गावी गेले, कांताच्या दारात उभी राहिले. नातवंडांची आजी झाली होती, काठी टेकत बाहेर आली. इतक्या वर्षांत आम्ही तीन-चारदाच भेटलो होतो आणि दर वेळी लग्नाच्या गर्दीत. मी कशाला आले ते सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "गाडी आणली का? पायरी उंच असली तर मला चढवावं लागंल." त्या चकचकीत खोलीत तिला सगळ्यात शेवटची खुर्ची दिली होती. मी ती उचलून टेबलापाशी आणली. पडद्यावर तोच तक्ता होता. अध्यक्षांनी तिला आवाज मऊ करून विचारलं, आजी, त्या वर्षी पाऊस झाला होता का हो? कांतानं काठी दोन्ही हातांत धरली आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून म्हणाली,

"साहेब, ह्या कागदावर पाऊस होता, तवा मी हिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरून राह्यल्ते."

मी शेजारी बसले होते. कांतानं माझ्याकडे बघितलं नाही, पण खाली तिचा हात माझ्या हातावर आला आणि बैठक संपेपर्यंत तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी इतिवृत्त सहीसाठी घरी आलं. त्यात कांताचं नाव नव्हतं, तिचं वाक्य नव्हतं. 'एका स्थानिक महिलेने अनुभव मांडला' असं होतं. सोबत जोडलेल्या तक्त्यात अडतीसचा आकडा तसाच होता. मी सही न करता ते परत पाठवलं आणि वर कांताचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ते पुन्हा आलं, पहिल्यासारखंच. मी पुन्हा परत पाठवलं.